परीक्षेनंतरचा वाद

श्रीमद्भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवान श्रीकृष्ण अर्जुनाला आपल्या विभूती सांगत आहेत. स्थावरांत हिमालय, प्रवाहांत जाह्नवी, अक्षरांत अकार, अशी ती माला ओवली जात असता बत्तिसाव्या श्लोकात एक विभूती अशी येते की मराठी वाचक तेथे थबकतो. बोलणाऱ्यांच्या ठिकाणी वादरूपाने आपणच आहोत, असा भगवंतांचा तेथे अभिप्राय आहे. मराठी माणसाला वाद ठाऊक आहे तो शेताच्या बांधाचा, वाटणीचा, नाहीतर कोर्टात पडलेला. घरात वाद नको, असे वडीलधारी माणसे नित्य सांगत असतात. मग जे घरात नको, ते भगवंतांचे रूप कसे?

हा घोटाळा शब्दाच्या प्रवासाने केला आहे. संस्कृतातून मराठीत येताना कित्येक शब्दांनी आपला मूळचा वेष टाकून दिला. वाद हा त्यांपैकीच एक. गीतेचा अनुवाद करणाऱ्याने तो जसाच्या तसा ठेवला तर वाचक भांडण समजतो, आणि त्याच्या जागी ‘चर्चा’ घातली तर शब्दातले बळच निघून जाते. चर्चा काय, हवापाण्याचीही होते. म्हणून मुळात काय आहे तेच पाहिले पाहिजे. न्यायशास्त्राने विद्वानांच्या संभाषणाचे तीन प्रकार मानले आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. दोघेही सत्य जाणण्याच्या इच्छेने बसले आहेत, प्रमाण आणि तर्क यांच्या साहाय्याने एक जण एक पक्ष मांडतो व दुसरा त्याची परीक्षा करतो, आणि निर्णय झाला म्हणजे दोघेही तो स्वीकारतात, हा वाद होय. जल्पात हेतू पालटतो. तेथे सत्याच्या जागी विजय येऊन बसतो, आणि विजयासाठी शब्दच्छलही चालतो. वितंडा करणाऱ्याला तर स्वतःचा पक्षच नसतो. दुसऱ्याचे मोडून टाकले की त्याचे काम झाले. श्रीमत् शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात वादाला श्रेष्ठत्व का, याचे कारण एवढेच दिले आहे की अर्थाचा निर्णय त्याच्यामुळे होतो.

या तिन्ही प्रकारांचे दर्शन घेण्यासाठी आज काशीच्या पंडितसभेत जावे लागत नाही. एखादी मोठी परीक्षा सुटल्यावर केंद्राच्या फाटकाबाहेर अर्धी घटका उभे राहिले तरी पुरे. रविवार, दिनांक 5 मे 2024 रोजी सायंकाळी 5 वाजून 20 मिनिटांनी वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ ही परीक्षा 4,750 केंद्रांतून एकाच वेळी सुटली. 23 लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी पदार्थविज्ञान, रसायन आणि जीवशास्त्र यांचा तो 720 गुणांचा पेपर मराठीसह 13 भाषांतून दिला होता. बरोबर उत्तरास चार गुण, चुकीच्या उत्तरास एक गुण वजा, सोडलेल्या प्रश्नास शून्य. मूळ उत्तरपत्रिका आत जमा झालेली. काळ्या शाईने भरलेले वर्तुळ पुसण्याची सोय तेथे नव्हतीच. हाती उरली ती प्रश्नपत्रिका. आणि फाटकाबाहेर पडताक्षणी, पाण्याचा घोट घेण्याच्याही आधी, प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न होता: “त्याला काय केलेस?”

ही घडी मोठी विलक्षण असते. कर्म हातातून सुटले आहे आणि फळ अजून हाती आलेले नाही. कर्मावर अधिकार आहे, फळावर नाही, हे दुसऱ्या अध्यायातील वचन पाठ असलेली मुले त्या गर्दीत पुष्कळ असतील. परंतु या मधल्या काळात मनुष्य काय करतो यावरूनच तो कर्म कशासाठी करीत होता ते कळते. उत्तरे ताडून पाहणे वाईट, असे काही वडील माणसे सांगतात. झाले ते झाले, आता कागद मिटवून ठेवा, असा त्यांचा उपदेश असतो. तो प्रेमाचा आहे, पण पुरता खरा नाही. बिघडते ते ताडून पाहण्याने नव्हे. ते कोणत्या बुद्धीने चालले आहे यावर सारे अवलंबून आहे.

कोणी म्हणतो, “तुझे ते चुकलेच,” आणि स्वतःचे उत्तर मात्र सांगत नाही, ही वितंडा. कोणी दुसऱ्याच्या प्रत्येक चुकीसरशी मनातल्या मनात आपले स्थान एक पायरी वर सरकवितो. हा जल्प, आणि तो न बोलताही चालतो. या परीक्षांची रचनाच अशी आहे की जल्पाला तेथे आयते खतपाणी मिळते. 23 लाखांवर परीक्षार्थी आणि एक लाखाच्या थोड्या वर जागा. शेजाऱ्याचे नुकसान हा आपला लाभ, असे गणितच तेथे मांडून ठेवलेले. अशा ठिकाणी मित्राने मित्राशी निर्मळ मनाने बोलावे अशी अपेक्षा करणे म्हणजे पुष्कळ मागणे आहे, हे नाकारता येत नाही. तथापि शास्त्राने ते मागितले आहे. वाद कोणाशी करावा हे सांगताना न्यायसूत्रांच्या चौथ्या अध्यायात गुरू आणि शिष्य यांच्याबरोबर सब्रह्मचारी, म्हणजे बरोबर शिकणारा सहाध्यायी, मुद्दाम नमूद केला आहे. आणि या सर्वांना विशेषण एकच लावले आहे, अनसूयु. दुसऱ्याच्या गुणांत दोष पाहण्याची खोड ज्याला नाही तो अनसूयु. गीतेच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी अत्यंत गूढ ज्ञान सांगण्यापूर्वी भगवंतांनी अर्जुनाची जी योग्यता उल्लेखिली ती हीच. त्याचे शौर्य नाही, कुळ नाही, बुद्धीही नाही; त्याच्या ठिकाणी असूया नाही, एवढेच.

दृष्टांतासाठी लातूरमध्ये एका खोलीत राहून अभ्यास करणारे तीन सहाध्यायी डोळ्यांपुढे आणावेत. त्या दिवशी संध्याकाळी तिघे खोलीवर परतले. पदार्थविज्ञानात अणूविषयी एक प्रश्न होता. दोन विधाने दिलेली. पहिले असे की अणूत धन आणि ऋण विद्युतभार सारखे असल्यामुळे तो विद्युतदृष्ट्या उदासीन असतो. दुसरे असे की प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपापला विशिष्ट वर्णपट प्रकट करतात. कोणते विधान बरोबर, कोणते चूक?

“मी दोन नंबर केला,” पहिला म्हणाला. “दोन्ही बरोबर.”

“अरे, दुसरे चूक आहे. मी चार केला.”

“चूक कसे? ताईच्या पुस्तकात छापलेले आहे. थांब, दाखवतो.”

तिसरा हसला. “मी सोडूनच दिला. दोन पुस्तकांत दोन तऱ्हा आहेत. एक गुण कोण घालवणार?”

हे दोन पुस्तकांचे म्हणणे खरे होते. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या बारावीच्या पुस्तकाच्या जुन्या आवृत्तीत ‘प्रत्येक’ मूलद्रव्याचे अणू असा शब्द होता. नव्या आवृत्तीत त्या ठिकाणी ‘बहुतेक’ या अर्थाचा शब्द आला. ज्याला नवे पुस्तक घेणे परवडले त्याने एक वाचले, आणि थोरल्या बहिणीचे पुस्तक ज्याच्या वाट्याला आले त्याने दुसरे.

येथून पुढे त्या खोलीत जल्प होऊ शकला असता. पण दुसऱ्याने पुस्तक हातात घेतले आणि आपण कसे बरोबर हे सांगण्याऐवजी विचारले, “पण मग युरेनियमचे काय?” बेकेरेलने 1896 साली युरेनियममधून आपोआप किरण निघतात हे पाहिले, आणि असे अणू कालांतराने फुटून दुसऱ्या मूलद्रव्यात पालटतात हे पुढे सिद्ध झाले. आज ज्ञात असलेल्या 118 मूलद्रव्यांपैकी सुमारे 80 मूलद्रव्यांचाच एखादा तरी समस्थानिक स्थिर आहे. शिशाच्या पुढे एकही नाही. आणि अलीकडेही 43 व 61 अणुक्रमांकांच्या जागी ते नाहीत. बिस्मथ मात्र दीर्घकाळ स्थिर समजले जात होते. 2003 साली फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी तेही क्षय पावते असे दाखविले. फक्त त्याचा अर्धायुकाळ विश्वाच्या वयाच्या अब्जपटीहून अधिक आहे. स्थिर दिसणाऱ्या वस्तूविषयी वेदान्ताने जे पुष्कळ सांगितले आहे ते येथे आठवते. पण तो विषय वेगळा.

पहिला गप्प झाला. मग तिसऱ्याने, ज्याचे या प्रश्नात काही मिळायचे वा जायचे उरले नव्हते त्याने, एक चांगली गोष्ट केली. त्याने ते वाक्य पुस्तकात कोणत्या ठिकाणी आले आहे ते काढले. रदरफोर्डने 1911 मध्ये अणूच्या मध्यभागी केंद्रक आहे असे मांडले तेव्हा अडचण अशी उभी राहिली की भोवती फिरणारा इलेक्ट्रॉन जुन्या विद्युतशास्त्राप्रमाणे ऊर्जा गमावत गमावत निमिषाच्याही अल्प अंशात केंद्रकावर कोसळला पाहिजे. अणू तर कोसळत नाहीत. घागर घागर राहते आणि दगड दगड. ही अडचण दूर करण्यासाठी 1913 मध्ये बोरने आपली उपपत्ती दिली. त्या प्रकरणात अणू स्थिर आहे म्हणण्याचा रोख इलेक्ट्रॉन कोसळत नाही या गोष्टीवर आहे, आणि त्या मर्यादेत ते युरेनियमलाही लागू पडते. केंद्रक फुटते की नाही हा तेथे विषयच नव्हता.

मीमांसकांचा हा जुना नियम होय: वाक्याचा अर्थ प्रकरणावरून लावावा. प्रकरणातून उचलून तेच वाक्य प्रश्नपत्रिकेत एकटे उभे केले आणि त्यात ‘प्रत्येक’ हा शब्द ठेवला, की ते केंद्रकालाही लागू होते व खोटे ठरते. म्हणजे ताईचे पुस्तक मूर्खपणाचे नव्हते, आणि तरीही त्या प्रश्नाचे उत्तर चारच होते. त्या रात्री साडेनऊच्या सुमारास तिघांनाही हे पटले. याचे नाव वाद. त्यात कोणी जिंकले नाही. पहिल्याचे मात्र पाच गुण गेले. चार न मिळालेले आणि एक वजा झालेला.

तेवढ्यात त्याच्या वडिलांचा फोन आला. दिवसभर ते शेतावर याच विचारात होते. त्यांनी जेवलास का, असे विचारले नाही. “किती पडतील?” असे विचारले. यात त्यांचा दोष काढणे सोपे आहे, म्हणून तो येथे काढावयाचा नाही. परंतु सतराव्या अध्यायात वाणीचे जे तप सांगितले आहे, सत्य असून उद्वेग न देणारे, प्रिय आणि हितकर असे बोलणे, त्याची खरी कसोटी रणांगणावर लागत नाही, असल्या फोनवर लागते. सत्य विचारणे हा वडिलांचा अधिकार होता. केवळ त्या रात्री तो वापरावयास नको होता. परीक्षा आणि निकाल यांमधल्या दिवसांत कित्येक मुले एकटीच मनाशी आकडे करीत बसतात, आणि त्यांतली काही असा काळोख पाहतात की ज्याची घरी कल्पनाही नसते. आकडा विचारणारा आवाज त्या काळोखात भर घालतो. जेवलास का, हा प्रश्न तेथे अध्यात्माहून कमी नाही.

पुढे जे घडले ते सर्वश्रुत आहे. परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय यंत्रणेने 29 मे रोजी तात्पुरती उत्तरतालिका प्रसिद्ध केली. तीत चौथा पर्याय बरोबर होता. प्रत्येक प्रश्नास 200 रुपये भरून हरकत घेण्याची मुभा होती. पहिल्याने हरकत घ्यावी काय? सत्य तर त्याला त्याच रात्री कळले होते. येथे धर्माचा सूक्ष्म प्रश्न आहे, आणि तो घाईने सोडविणाऱ्यांची दोन्ही बाजूंनी चूक होते. युरेनियमचा अणू स्थिर आहे, असे तो लिहिता तर ते असत्य झाले असते. परंतु ज्या सरकारी पुस्तकावर विद्यार्थ्याने विश्वास ठेवला त्यात असे छापले होते, या गोष्टीचा विचार व्हावा, असे म्हणण्यात असत्य कोठे आहे? एक विज्ञानाचा प्रश्न, दुसरा न्यायाचा. त्याने दुसराच विचारला, आणि रुपये भरताना पहिल्याविषयी मनात गोंधळ होऊ दिला नाही. न्यायसूत्रांनी जल्पालाही एक जागा दिली आहे. कोवळ्या अंकुराच्या रक्षणासाठी काटेरी फांद्यांचे कुंपण घालतात तशी. कुंपणालाच पीक समजू नये, एवढेच.

4 जूनला निकाल लागला तेव्हा यंत्रणेने जुन्या आवृत्तीचा विचार करून दोन्ही पर्याय ग्राह्य धरले होते. पहिल्याला चार गुण मिळाले. देशभरात 67 विद्यार्थ्यांना 720 पैकी 720 गुण होते आणि त्यांपैकी 44 जणांचे पूर्ण गुण या एका प्रश्नामुळे आले होते. आणि त्या दिवशी असूया शिरली ती, आश्चर्य असे, दुसऱ्याच्या मनात. त्याचा स्वतःचा एकही गुण कमी झालेला नव्हता. पण ज्यांनी चुकीचे उत्तर दिले त्यांनाही आपल्याइतकेच मिळाले, आपली पायरी घसरली, हे त्याला सोसेना. त्याचे म्हणणे निराधार होते असे नव्हे. पायरी खरोखरच घसरली होती. पण मे महिन्यात युरेनियमचे नाव काढताना जो मुलगा सत्यासाठी बोलत होता, तोच आता तेच वाक्य मित्राला लागावे म्हणून बोलू लागला. वाक्य तेच, युरेनियम तेच. वाद मात्र उरला नाही. दोघे आठ दिवस एकमेकांशी बोलत नव्हते.

या ठिकाणी अठराव्या अध्यायातील चौदावा श्लोक उपयोगी पडतो. कोणतेही कर्म सिद्ध होण्यास भगवंतांनी पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, इंद्रियादी साधने, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. आणि जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही, असे पुढे म्हटले आहे. हा उपदेश हरलेल्यांना सांत्वन म्हणून ऐकविण्याची रीत पडली आहे. वास्तविक तो जिंकलेल्यांसाठी अधिक आहे. दुसऱ्याकडे नवे पुस्तक होते, हे त्याच्या बुद्धीचे कर्तृत्व नव्हते. पहिल्याकडे जुने होते, हा त्याचा अपराध नव्हता. दैव म्हणजे आकाशातून पडणारे काही नसते. कधी ते पुस्तकाच्या आवृत्तीच्या रूपाने घरात पडून असते. मात्र दैव हे पाचवे आहे. त्याच्या आधीची चार कारणे भगवंतांनी गाळलेली नाहीत, हेही अभ्यास न करणाऱ्यांनी ध्यानात ठेवलेले बरे.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. 22 जुलै रोजी न्यायालयाने दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेला तीन तज्ज्ञांची समिती नेमून त्या प्रश्नाचे खरे उत्तर कळविण्यास सांगितले. दुसऱ्याच दिवशी अहवाल आला: चौथा पर्याय, तोच एक. त्याप्रमाणे निकाल फिरून लावण्याची आज्ञा झाली. न्यायालयात पडलेला वाद, पण निर्णय झाला तो शास्त्रातल्या वादाच्या रीतीने, जाणत्यांना विचारून, वस्तू कशी आहे ते पाहून. आवृत्ती कोणती होती हे युरेनियम कधी विचारीत नाही. दुसरा पर्याय निवडलेल्या चार लाखांहून अधिक मुलांचे पाच पाच गुण गेले. 26 जुलैच्या सुधारित निकालात पूर्ण गुणांचे विद्यार्थी 67 चे 17 झाले. काहींचे वाढीव गुण तत्पूर्वीच दुसऱ्या कारणाने रद्द झाले होते. पाच गुणांच्या अंतरात हजारो मुले उभी असतात. कोणाचे महाविद्यालय पालटले असेल, कोणाचे वर्षच गेले असेल. सत्याचा निर्णय झाला म्हणजे सर्वांचे सुख झाले, असे गीता कोठेही म्हणत नाही.

पहिल्याने सुधारित गुण पाहिले तेव्हा तो गावी होता. दुसऱ्याचा फोन आला. बराच वेळ दोघेही काही बोलले नाहीत. मग दुसरा म्हणाला, “माझे वाढले नाहीत रे, तुझेच गेले.” पहिला म्हणाला, “त्या रात्रीच गेले होते. मध्ये महिनाभर परत आले होते, एवढेच.”

फोन ठेवून तो माळ्यावर गेला आणि ताईचे पुस्तक खाली घेऊन आला. त्याचा धाकटा भाऊ यंदा अकरावीत होता. पुढच्या वर्षी ते त्याच्याकडे जाणार होते. अणूंच्या प्रकरणाच्या शेवटी ते वाक्य त्याने काढले, ‘प्रत्येक’ या अर्थाच्या शब्दावर पेनाने एक सरळ रेघ ओढली आणि वरच्या मोकळ्या जागेत ‘बहुतेक’ असे लिहिले. शाई वाळेपर्यंत त्याने पान उघडेच धरले होते.

“दादा, छापलेले का खोडलेस?” धाकट्याने विचारले.

त्याने पुस्तक दोघांच्या मध्ये ठेवले आणि म्हणाला, “बैस. आधी सांग, तुला काय वाटते, बरोबर आहे का ते?”